आप्पा, तलवारीचा पिच्चर बघून आले

ग्वांगजू, दक्षिण कोरिया, 30 ऑगस्ट 2015

ती. आप्पा व आईस,
शि. सा. नमस्कार.

आधी आईसाठी. इथं युद्ध झालेलं नाही. 20 तारखेला तोफा वाजल्या त्या पार उत्तरेला, उत्तर कोरियाच्या सीमेवर. मी देशाच्या दक्षिणेत. 25 ला दोन्हीकडच्यांचा समझोताही झाला. टीव्हीवर अजून तीच चित्रं दाखवत असतील तर टीव्ही बंद करा. मर्सची, त्या श्वासाच्या आजाराची, साथ जुलैतच आटोपली. आणि हो, मास्क लावत होते.

आप्पा, पिच्चरचं फोनवर नीट सांगता आलं नाही. इथलाही स्वातंत्र्यदिन 15 ऑगस्टलाच. यंदा सत्तर वर्षं झाली म्हणून सरकारने 14 ची जादा सुट्टी दिली होती, तेव्हा लॅबमधल्या मुली मला ओढून घेऊन गेल्या. 'मेमरीज ऑफ द सोर्ड'. गोर्यो राजवटीतली, म्हणजे साताठशे वर्षांपूर्वीची गोष्ट. ली ब्युंग-हन आणि जॉन दो-यॉन. या बाईला 2007 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालंय. तुम्ही तालमीत पट्टा फिरवलेला, म्हणून मी तुमच्या वाटणीचंही बघत होते.

निराशा झाली. पहिल्याच दृश्यात पोरगी सूर्यफुलांच्या शेतात उंच उडी मारते. दिसतं सुंदर, पण सूर्यफूल मूळचं अमेरिकेतलं, आपल्या मिरचीसारखं; त्या काळात ते इथं कुठलं? पुढे सगळेच तारेवर लटकल्यासारखे हवेत. तुम्ही पोरांना ओरडायचात ना, आधी पवित्रा, मग हत्यार? इथं पवित्राच नाही. पाय जमिनीला लागतील तेव्हा ना! आणि मारामारी रंगात आली की सगळं संथ होतं आणि माणसं रडायला लागतात.

गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. एक आंधळी बाई मुलीला लहानपणापासून तलवार शिकवते, एकाच कामासाठी: बापाच्या खुनाचा बदला. पोरीला कुणी विचारतच नाही. मग कळतं, जिवावर उठायचं ते तिच्याच जन्मदात्यांच्या. एवढी जबरदस्त गोष्ट हातात असून वाया घालवली. लोकही फिरकले नाहीत. इथं गल्ला रुपयांत नाही, डोक्यांत मोजतात. त्याच महिन्यातल्या 'वेटरन'ला कालपर्यंत एक कोटी डोकी झाली, आणि देशाची वस्ती पाच कोटी.

आता आईला न पटणारी गोष्ट. इथं थिएटरात पॉपकॉर्नसारखी माकूल खातात. आपल्या घाटावर कुणी बघितली नसेल. कोकणात मिळते, बिनकाट्याची, लांब पायांची मासळी. ती वाळवतात, लोण्यात भाजतात आणि कागदी पिशवीत घालून विकतात. मग अंधारात बोटांनी उभ्या चिंध्या काढून चघळत बसायचं. चिवट असते, एक तुकडा बराच वेळ पुरतो. वास सगळ्या थिएटरभर, पण कुणी नाक मुरडत नाही. पिशवी शेजारणीपुढे धरायची, तिने घ्यायची, नाही म्हटलं की पुन्हा धरायची. मध्यंतर नसतंच, त्यामुळे दोन तास सुटका नाही. आई, दुसऱ्याच दिवशी श्रावण लागणार होता. मी खाल्ली नाही. वास आला त्याला मी काय करणार?

जेवणाचं म्हणशील तर भात-भाजी करते, बारीक झालेले नाही. फोटोत तशी दिसते.

आप्पा, दहा लाख वॉन पाठवलेत, साधारण 55,000 होतील. कारखान्याचं बिल येईतोवर सोसायटीचा हप्ता त्यातून भरा. ठेव करू नका, आणि माझ्या लग्नासाठी म्हणून तर मुळीच बाजूला ठेवू नका. इचलकरंजीच्या स्थळाला आईने फोटो दिला, ठीक आहे. मुलगा चांगला असेलही. पण दिवाळीत बघायचा कार्यक्रम धरू नका, कारण दिवाळीला येणं जमत नाहीये. प्रोफेसरांना डिसेंबरच्या आत निकाल हवेत. मी मजेत आहे, खरंच. गौरींना आईला एकटीला पडणार म्हणून काकूंना फोन केलाय, त्या दोन दिवस आधी येतील.

आजीला दिवाळीचं इतक्यात सांगू नका.

तुमची,
मनू