लोबानाच्या गावातून

दोलोकसांगुलजवळ, उत्तर सुमात्रा, इंडोनेशिया

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. 'गावची जमीन विकायची तर खरेदीखतावर तुमची सही लागेल, पार्टी थांबणार नाही.' फोनच केला असता, पण इथे रेंज मिळते ती चर्चच्या पायरीवर, आणि तिथे उभं राहून जमिनीच्या गोष्टी ओरडत बसणं बरं दिसत नाही. म्हणून कागदावर उतरवतोय. उद्या बाजारच्या गावी गेलो की फोटो काढून पाठवीन.

पेढीच्या कामाने लोबान बघायला आलोय. आई गुरुवारी निखाऱ्यावर टाकते ना, तो खडा या डोंगरांतून येतो. इथले बताक लोक त्याला 'हामिन्जोन' म्हणतात. खोडाची साल जराशी उचकटायची, पुन्हा ठोकून बसवायची आणि तीन-चार महिन्यांनी आत साठलेला डिंक काढायला यायचं. ज्यांच्याकडे उतरलोय त्या आजोबांना सगळे 'ओपुंग' म्हणतात. ओपुंग म्हणजे आजा किंवा आजी, दोघांनाही तोच शब्द. सत्तरी ओलांडली तरी खोडाला दोर टाकून वर चढतात. परवा मलाही रानात नेलं. निघण्याआधी आजीने तांदळाची पिठी, खोबरं आणि साखर मुठीत दाबून गोळे केले, बोटांचे ठसे तसेच ठेवून. अरे, आपले मुटकेच! पहिला झाडाला दाखवला, दुसरा माझ्या हातावर. झाड म्हणजे मूळची एक मुलगी आणि डिंक म्हणजे तिचं रडू, अशी त्यांची गोष्ट आहे. त्यामुळे झाडापाशी तोंड सांभाळायचं. हेच आजोबा रविवारी चर्चमध्ये खड्या आवाजात गातात. त्यांच्या प्रार्थनेत देवाला शब्द आहे 'देबाता'. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. नाही, आपलीच देवता.

नाती तर अशी की तुझ्या आजीला हवाली केली असती तर एका दुपारीत तिने सगळी लावून दाखवली असती. 'मार्गा' म्हणजे कूळ; एका मार्गात सोयरीक नाही. मामाची मुलगी केली तर सगळे खूश. पण एक गोष्ट उलटी: आपल्याकडे मुलीचा बाप वाकतो, इथे जावई वाकतो. बायकोच्या माहेरचे सगळ्यांत वरचे. तेच खांद्यावर 'उलोस' नावाचं हातमागाचं वस्त्र पांघरतात. तुझ्या मामाला हे सांगू नकोस, पुढच्या लग्नात ऐकवील.

आता मुद्द्याचं. या वाडीत निम्म्या घरांना कुलूप आहे. जुन्या लाकडी घरांची छपरं नावेसारखी दोन्ही टोकांना उचललेली, वर आता गंजका पत्रा. आणि समोरच्या शेतात टाइल्स लावलेली, रंगवलेली, घराहून उंच थडगी. जकार्ता, मेदान, बाताम, पोरं कुठे कुठे गेलेली. पैसे जमले की येतात, पूर्वजांची हाडं उकरून धुतात, नव्या थडग्यात ठेवतात, रेडे-डुकरं कापून गावजेवण घालतात आणि चार दिवसांत परत. जमीन कुणी विकत नाही, बापजाद्यांची म्हणून. पण कसतही नाही. बांधाच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत. मी आलो त्या दिवशी मला याचं कौतुक वाटलं होतं, बघा कशी जमीन जपतात म्हणून. आता तेवढं वाटत नाही.

शेतात दिसतात त्या बायका. पाठीवर पंप घेऊन मिरचीवर फवारणारी बाई साठीची असते आणि 'लापो'त, म्हणजे ताडीच्या गुत्त्यात, बुद्धिबळाचा पट मांडून बसलेला नवरा तिच्याहून तरुण दिसतो. बुद्धिबळ मात्र असं खेळतात की मी तीन डाव हरलो.

ओपुंगांचं शेंडेफळ बातामच्या कारखान्यातून परत आलंय. इथे आईबापांचं घर धाकट्याला जातं, आणि म्हातारपणही त्याच्याच गळ्यात. त्याने कॉफी लावली आहे. जातीचं नाव 'सिगारार उतांग', बताक भाषेत अर्थ 'कर्ज फेडणारी'. लवकर धरते म्हणून. घरीच फळं सोलून, बिया धुऊन ओलसरच बाजाराला नेतात. दर आठवड्याला हातात थोडी रोकड. भात पोटापुरतं, कॉफी पोरांच्या फीसाठी. शिक्षणाला इथे कुणी मागेपुढे पाहत नाही, बाप रेडा विकतो पण फी भरतो. गंमत बघ, त्याच शिक्षणाने गाव रिकामं झालंय.

मी त्याला विचारलं, लोबान का नाही करत? म्हणाला, रानात दिवसचे दिवस खोपटात राहायचं आणि भाव ठरवणार दुसरा. मी गप्प बसलो. कारण सकाळीच मी त्याच्या बापाचा माल उजेडात धरून, 'खडा बारीक आहे' म्हणत भाव पाडून मागितला होता. पेढीत तीस वर्षं हेच केलं. आजोबा काही बोलले नाहीत, पोतं फक्त थोडं स्वतःकडे ओढून घेतलं.

पलीकडे पांडुमान-सिपितुहुता म्हणून दोन गावं आहेत. त्यांच्या लोबानाच्या रानात कागदाच्या लगद्यासाठी एक कंपनी निलगिरी लावायला लागली, तेव्हा गाव उठलं, बायका पुढे उभ्या राहिल्या, माणसं तुरुंगात गेली. शेवटी डिसेंबर 2016 मध्ये खुद्द इथल्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी, जोकोवींनी, ते रान परंपरेने गावाचंच म्हणून मान्य केलं. ते भांडू शकले, कारण त्या रानात रोज कुणीतरी जात होतं. पडीक ठेवलेल्या रानासाठी कोण कशाला उभं राहील?

म्हणून तुला 'विकू नकोस' असं मी म्हणत नाही. कुकडीकाठचं आपलं साडेतीन एकर गेली सहा वर्षं तुझ्या चुलत्याच्या जिवावर आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पडला की तो रडतो, चढला की आपण हिशेब मागतो. रात्री मोटर चालू करायला बिबट्याच्या भीतीने काठी आपटत तोच जातो. विकायचं असेल तर आधी त्याला विचार, पार्टीला नाही. त्याला घ्यायचं असेल तर पार्टीपेक्षा कमी भावात द्यायचं, माझी त्याला सही आहे. आणि ठेवायचं असेल तर विहिरीचा गाळ कधी काढणार आणि कोण, ते लिहून पाठव. 'बापजाद्यांची जमीन' एवढंच लिहिणार असशील तर नको.

आणखी एक काम. हे तोबा सरोवर म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं तोंड. चौऱ्याहत्तर हजार वर्षांमागे शेवटचा मोठा स्फोट झाला. इथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे पांढुरकी, हाताला खरखरीत माती दिसते. तोबाची राख समुद्र ओलांडून आपल्या बोरीला, कुकडीच्या काठात सापडते, त्यासाठी कुठून कुठून संशोधक येतात. तुझी पणजी तसल्याच पांढऱ्या मातीने भांडी घासायची. इथली मूठभर मी रुमालात बांधली आहे. तू शनिवारी गावी जा, काकाला घेऊन नदीवर उतर आणि तिथली एका पिशवीत भरून ठेव. मी आलो की दोन्ही शेजारी ठेवून बघू. आईसाठी चांगला मोठा खडा वेगळा काढलाय, पूर्ण भाव देऊन.

तुझा
बाबा