भौतिकशास्त्राची वाट जूनमध्ये विचारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या निकालांच्या सुमारास आपल्या आणि इतरही दैनिकांच्या करिअर पुरवण्या निघतात. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखांना त्यांत पानेच्या पाने मिळतात आणि शेवटच्या पानावर ‘मूलभूत विज्ञानातील संधी’ अशा मथळ्याखाली चार ओळी येतात. ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला शिक्षक म्हणून माझी तक्रार त्या ओळी चारच असतात याविषयी नाही. त्या कोणत्या तारखेला छापल्या जातात याविषयी आहे.

पुणे, भोपाळ, मोहाली वगैरे ठिकाणच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) या संस्थांमध्ये पाच वर्षांच्या बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रमाला आता आयसरच्या स्वतःच्या अभिक्षमता चाचणीतूनच प्रवेश मिळतो. भुवनेश्वरच्या नायसर या तशाच संस्थेची आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने चालणाऱ्या सेब्स या केंद्राची ‘नेस्ट’ ही सामाईक प्रवेश परीक्षा वेगळी. या दोन्ही परीक्षा साधारण मे-जूनमध्ये होतात आणि त्यांच्या अर्जांच्या खिडक्या बारावीचा विद्यार्थी बोर्डाच्या धामधुमीत असताना उघडतात आणि परीक्षेच्या काही आठवडे आधीच बंद होतात. म्हणजे निकाल हाती आल्यावर, जेईईचा क्रमांक मनासारखा न लागल्यावर किंवा सीईटीच्या कॅप राउंडमध्ये हवे ते महाविद्यालय न मिळाल्यावर ज्या घरांत ‘मग शुद्ध विज्ञानाकडे जावे का’ ही चर्चा सुरू होते, त्या घरांसाठी यातले बहुतेक दरवाजे त्या वर्षापुरते बंद झालेले असतात. आपली पुरवणी नेमकी तेव्हा दारात येते.

आणखी एक बारकावा आहे, जो मी स्वतः फार उशिरा शिकलो. आयसरच्या चाचणीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५ असे एकूण ६० प्रश्न असतात. अकरावीला जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेणारा मुलगा एक चतुर्थांश प्रश्नपत्रिकेला दहावीच्या पुंजीवर सामोरा जातो. नेस्टमध्ये चारपैकी उत्तम तीन विभाग धरले जात असल्याने ही अडचण कमी होते. विषय निवडतानाच हे माहीत असेल तर काही बिघडत नाही. पण अकरावीच्या प्रवेशाच्या खिडकीपाशी हे कोण सांगतो?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जून महिन्यात एक माजी विद्यार्थिनी गुणपत्रिका घेऊन माझ्या घरी आली. भौतिकशास्त्राच्या तासाला प्रश्न विचारून भंडावून सोडणाऱ्या दोन-तीन मुलांपैकी ती एक. ‘सर, मला संशोधनच करायचे आहे, कुठे अर्ज करू?’ असे तिने विचारले, तेव्हा सगळ्या मुदती उलटून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी परीक्षा देता आली असती. परंतु मुलीचे एक वर्ष ‘वाया’ घालवायला घरातून कोणी तयार नव्हते आणि तिने अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. ती आज चांगल्या नोकरीत आहे, त्यामुळे तिच्याविषयी हळहळ व्यक्त करण्याचा मला अधिकार नाही. मात्र त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात, लोलकांच्या डब्याखाली, भौतिकशास्त्र ऑलिंपियाडच्या पहिल्या फेरीचे आदल्या वर्षीचे परिपत्रक मला सापडले. ते फलकावर लावण्याची जबाबदारी माझी होती. बाकी कोणाला दोष देण्यापूर्वी हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

ही पहिली फेरी भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटना दर वर्षी नोव्हेंबरमध्ये घेते आणि तिची नोंदणी त्याआधी दोन-तीन महिने होते. त्यातून निवडत निवडत शेवटी पाच मुले आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला जातात. पाचांत येणे हा योगायोगाइतकाच दुर्मीळ प्रकार आहे. पण ज्याला ती प्रश्नपत्रिका सोडवताना दोन तास कसे गेले ते कळले नाही, त्याला आपल्याविषयी एक महत्त्वाची गोष्ट कळते. ती कोणत्याही अभिरुची चाचणीत पैसे भरून कळत नाही.

आता पालकांचा खरा प्रश्न. ‘भौतिकशास्त्रज्ञ होऊन पोट भरेल का?’ या प्रश्नाला आम्ही शिक्षक एकतर ‘आवड असेल तर सगळे होते’ असे गुळमुळीत उत्तर देतो किंवा ‘शेवटी मास्तरकीच’ असे म्हणून विषय संपवतो. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. हिशोब असा आहे. बारावीनंतर पदव्युत्तर पदवीपर्यंत पाच वर्षे. मग नेट, गेट, जेस्ट किंवा टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) स्वतंत्र परीक्षा देऊन पीएच.डी.ला प्रवेश, आणि त्यात पाच-सहा वर्षे. पीएच.डी.च्या काळात शुल्काचा बोजा नगण्य असतो आणि उलट शिष्यवृत्ती मिळते: १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता. त्यानंतर देशात किंवा परदेशात पोस्टडॉकची दोन-चार वर्षे, जी हल्ली जवळजवळ अनिवार्य झाली आहेत. म्हणजे संशोधन संस्थेतील कायमच्या जागेसाठी उमेदवार उभा राहतो तेव्हा त्याचे वय तिशी ओलांडलेले असते आणि त्या जागा थोड्या असतात. बरोबरीचा मित्र तोवर घोडबंदर रोडवरच्या सदनिकेचे निम्मे हप्ते फेडून मोकळा झालेला असतो. हे मुलांना सोळाव्या वर्षी स्पष्ट सांगावे, असे माझे मत आहे. जे ऐकूनही जातात ते टिकतात. जे न ऐकता जातात ते पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी खचतात.

मात्र संशोधन संस्थेतील प्राध्यापकी हे या झाडाचे एकच फळ नाही आणि याची साक्ष द्यायला ठाणे-नवी मुंबईइतका सोयीचा भाग दुसरा नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून मुंबईतील ट्रॉम्बेच्या परिसरात चालू आहे. भौतिकशास्त्रात ६० टक्क्यांनी एम.एस्सी. झालेला विद्यार्थी लेखी परीक्षा किंवा गेटचे गुण आणि मुलाखत यांच्या बळावर तिथे वर्षभर विद्यावेतनासह शिकतो आणि मग वैज्ञानिक अधिकारी म्हणून रुजू होतो. पीएच.डी.ची अट नाही. सर्वसाधारण गटासाठी वयाची मर्यादा २६ आहे, हेही ध्यानात ठेवावे, कारण ‘आधी नोकरी करून बघू’ म्हणणाऱ्यांची संधी तिथेच हुकते.

त्याहून कमी माहितीचा रस्ता म्हणजे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाचा. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देताना किती मात्रा, कोणत्या कोनांतून, शेजारच्या निरोगी अवयवाला शक्यतो धक्का न लावता द्यायची, याचे गणित डॉक्टरांच्या बरोबरीने हा भौतिकशास्त्राचा पदवीधर करतो. यंत्र रोज सकाळी तपासून त्याची मात्रा अचूक आहे, अशी खात्री तोच देतो. त्याच्याशिवाय किरणोपचार विभाग चालवण्याची परवानगी अणुऊर्जा नियामक मंडळ देत नाही. एम.एस्सी.नंतर अणुशक्तिनगरला किरणोत्सर्ग भौतिकीची एक वर्षाची पदविका आणि त्यापुढे रुग्णालयात एक वर्षाची उमेदवारी, असा हा मार्ग आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या कर्करोग उपचार व संशोधन केंद्रात आता प्रोटॉन किरणांनीही उपचार होतात. प्रोटॉन शरीरात ठरावीक खोलीपर्यंत जाऊन तिथेच बहुतांश ऊर्जा सोडतो आणि पुढे जवळजवळ जात नाही, म्हणून मेंदूच्या किंवा लहान मुलांच्या गाठींसाठी त्याचे विशेष मोल. खारघरच्याच टॉवरांत राहणारी किती मुले आपल्या घरापासून काही किलोमीटरवर हे काम चालते हे जाणतात, असा प्रश्न मी एका सोसायटीच्या कार्यक्रमात विचारला होता. एकही हात वर आला नाही. त्या कार्यक्रमाचा विषय, गंमत म्हणजे, ‘करिअरच्या नव्या वाटा’ हाच होता.

वाशीला अणुऊर्जा विभागाच्या ब्रिट (किरणोत्सर्ग व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ) या संस्थेच्या प्रकल्पात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी मसाले निर्जंतुक होतात. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, जिची परंपरा कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत मागे जाते. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून ते वेध १९०४ साली अलिबागला हलवले गेले; आणि सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची कुलाब्यात झालेली नोंद जगभरचे अभ्यासक आजही उघडून पाहतात. सूर्यावरील घडामोडींनी उपग्रह आणि विजेची जाळी धोक्यात येण्याच्या या काळात ही संस्था जे काम करते, ते पनवेलच्या मुलाला ठाऊक असू नये?

मुलींच्या बाबतीत एक जास्तीचा अडथळा असतो, तो म्हणजे ‘इतकी वर्षे शिकणार, मग लग्न कधी?’ त्यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही, एक उदाहरण आहे. १९५२ साली पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले सर परशुरामभाऊ महाविद्यालय, आयआयटी मुंबई आणि अमेरिकेतील स्टोनी ब्रूक असे शिकून मुंबई विद्यापीठात अध्यापक झाल्या, पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि कणभौतिकीत त्यांनी जागतिक दर्जाचे काम केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मी वर्गात असतो तर तो तास त्यांच्यावरच घेतला असता.

‘शेवटी मास्तरकीच’ म्हणणाऱ्यांनाही एक खरे सांगतो: तीही आता सहजासहजी मिळत नाही. नेट-सेट झालेले, काही तर पीएच.डी. झालेले तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात, आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्यांचे उत्पन्न शून्य असते. बी.एस्सी.ला प्रवेश घेणाऱ्याने हे वास्तव पाहून घ्यावे. पाच वर्षांच्या संस्थांत किंवा सेब्समध्ये पहिल्या वर्षापासून संशोधकांकडून शिकायला मिळते. गावातल्या महाविद्यालयात तेच प्रयोग, तीच जर्नल आणि तेच ‘सर्टिफाइड’चे शिक्के. माझ्याच हाताने मी हजारो जर्नलांवर सही केली आहे आणि त्यांतली किती निरीक्षणे उत्तरावरून मागे काढलेली होती, हे मला सही करतानाही कळत असे.

मुदतींच्या प्रश्नावर उपाय अगदी साधे आहेत. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनाच्या आसपास, अनेक संशोधन संस्था आपली दारे सर्वांसाठी उघडतात. बारावीची मुले तेव्हा बोर्डाच्या परीक्षेत अडकलेली असतात, म्हणून महाविद्यालयांनी अकरावीच्या मुलांना न्यावे. ऑलिंपियाडची शिबिरे जिथे भरतात ते होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे. ठाण्याहून वाशीमार्गे लोकलने जाता येते, बस ठरवण्याचाही खर्च नाही. इंटिग्रेटेड पद्धतीने चालणाऱ्या महाविद्यालयांकडून ही अपेक्षा करता येत नाही, कारण तिथली मुले महाविद्यालयातच येत नाहीत, ती क्लासमध्ये असतात. त्यांच्या पालकांपर्यंत पोहोचणारे साधन उरते ते सकाळचे वर्तमानपत्र.

म्हणून आपणास विनंती, की निकालाच्या वेळची पुरवणी आपण जरूर काढावी, पण मूलभूत विज्ञानाचे पान तिच्यातून काढून पावसाळ्यात स्वतंत्रपणे छापावे आणि त्यात ऑलिंपियाडची नोंदणी, आयसर व नेस्टचे अर्ज, त्यांचे विषय आणि पुढच्या दहा वर्षांचा हिशोब एका तक्त्यात द्यावा. तो तक्ता संस्थांच्या अधिकृत घोषणांवरून दर वर्षी ताडून तयार करून देण्याची माझी तयारी आहे. मानधन नको. फक्त तो गणपतीच्या आधी छापून यावा.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
नौपाडा, ठाणे (प.)