अक्षरं कापडावर की फोटोत?

महोदय,

तुरिनच्या कफनावरचा, म्हणजे येशूला ज्यात गुंडाळलं असं मानतात आणि ज्यावर माणसाची आकृती दिसते त्या इटलीतल्या कापडावरचा, आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. आकृतीतल्या मृताच्या डोळ्यावर पिलाताच्या (येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदाराच्या) काळातलं नाणं आणि त्यावर ‘यूसीएआय’ (UCAI) ही चार अक्षरं, म्हणजे सम्राट ‘तिबेरियू कैसारोस’ या नावाचा मधला तुकडा, हा दावा लेखकाने जवळजवळ सिद्ध झाल्यासारखा मांडला आहे. वसईत चौतीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ होता आणि त्यातली बरीचशी डार्करूममध्ये गेली, म्हणून लिहितो.

शिकागोचे जेझुइट फादर फिलास यांना ती अक्षरं दिसली ती ज्युसेप्पे एन्री यांनी १९३१ साली काढलेल्या फोटोच्या मोठ्या केलेल्या प्रतीत. एन्रींच्या प्लेटा (फिल्मऐवजी वापरायच्या काचा) ऑर्थो जातीच्या. आम्ही लाल दिव्यात धुवायचो तीच जात. तिला लाल दिसत नाही, पिवळंही धड नाही. कफनावरची आकृती वाळल्या गवतासारखी फिकट पिवळी. ऑर्थोवर ती ठसठशीत उठते आणि तिच्याबरोबर कापडाचे डागही. त्यात प्रतीवरून प्रत काढली की मधल्या करड्या छटा गळतात, काळं-पांढरं तेवढं उरतं. नाणं जेमतेम दीड सेंटिमीटरचं आणि खाली माशाच्या काट्यासारखी वीण! चार अक्षरं जुळायला आणखी काय हवं? बरं, पिलाताच्या नाण्यावर ग्रीक ‘कैसर’ ‘के’ने सुरू होतो, फोटोत म्हणे ‘सी’. मग तशी चूक असलेलं नाणं शोधणं आलं.

१८९८ साली कफनाचा पहिला फोटो काढणाऱ्या सेकोंदो पिया यांच्या निगेटिव्हवर चेहरा उमटला, तो कोणालाही दिसतो. शेजारी बोट दाखवणारा लागत नाही.

एका गिऱ्हाईकाने जुन्या ग्रुप फोटोतून वडिलांचा चेहरा मोठा करून घेतला होता. तिसऱ्या प्रतीत त्याला त्यांच्या गळ्यात क्रूस दिसला. मी मूळ फोटो भिंगाखाली धरला, तिथे नुसता ग्रेन, म्हणजे फिल्मचे दाणे, होता. त्याला काही बोललो नाही, फ्रेम करून दिली. पण ते घरच्या भिंतीसाठी होतं, वर्तमानपत्रासाठी नव्हे.

१९८८च्या कार्बन चाचणीने कापड १२६० ते १३९० मधलं ठरवलं, त्यावरच्या भांडणात मी पडत नाही. मी कॅथलिक आहे. आमच्या आळीत या पत्राने काहीजण रागावतील, त्यांना एवढंच सांगतो की १९९८ साली तुरिनला खुद्द पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा श्रद्धेचा विषय नसल्याचं सांगून तपास शास्त्रज्ञांवर सोपवला होता.

पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा खाली कृपया लिहा: कोणी काढला, कोणत्या साली, कोणत्या प्लेटवर आणि ही कितवी प्रत.

आपला,
एक निवृत्त छायाचित्रकार, वसई