आप्पा, रॉकेट इंजिनाबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले

आप्पा, नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही संध्याकाळच्या गाडीने अमळनेरला निघाले तेव्हा स्टेशनवर मी धड काही बोललोच नाही, घसाच दाटला होता. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या जळगावच्या घरी आजोबांच्या वेळचं एक पितळी इंजिन आहे, स्टीफनसनच्या रॉकेटचं, म्हणजे त्या नावाच्या जुन्या वाफेच्या रेल्वे इंजिनाचं मॉडेल, टेंडर म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा धरून जेमतेम हातभर. आजोबा भुसावळला लोको शेडमध्ये होते, स्वातंत्र्यानंतर विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाने जाता जाता त्यांना ते दिलं. वडिलांनी लहानपणी ते चालताना पाहिलंय, मग ते कपाटात गेलं ते गेलंच. चाकं जाम, चिमणी डुगडुगती, पितळ पार काळं.

तुम्हाला फोन करायच्या आधी मी ते एका दुकानात नेलं होतं. तिथला कारागीर म्हणाला सिलिंडर, म्हणजे वाफेने आत दट्ट्या सरकतो त्या नळ्या, तिरके बसलेत, कोणीतरी चुकीचं जोडलंय, आणि मोबाइलवर मूळ इंजिनाचा फोटो काढून दाखवला तर त्यात खरंच सिलिंडर जवळजवळ आडवे होते, मग मला पण पटलं. सरळ करून, बफ मारून नव्यासारखं चमकवून देतो म्हणाला आणि मी ॲडव्हान्स देऊन बसलो.

आप्पा, तुम्ही फोनवरच ओरडले, "हात नका लावू देऊ त्याले!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने हजर. तुम्ही सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. 1829 च्या ऑक्टोबरात इंग्लंडात रेनहिलला इंजिनांची स्पर्धा झाली, 500 पौंडांचं बक्षीस होतं, ती रॉकेटने जिंकली आणि तेव्हा त्याचे सिलिंडर असेच तिरपे, मागे वर चढलेले होते. इंजिन पळताना डोलायचं म्हणून नंतर ते खाली आणले, आणि आज जे मूळ इंजिन शिल्लक आहे ते त्या बदलानंतरचं, म्हणून फोटोत आडवे दिसतात. म्हणजे आमचं मॉडेल चुकलेलं नव्हतंच, ते स्पर्धेतलं रॉकेट होतं! दोन दिवस उशीर झाला असता तर आम्ही पैसे देऊन ते बिघडवून घेतलं असतं, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

मग तुम्ही व्हर्नियर काढून मोठं चाक मोजलं, साडेतीन इंच. खऱ्या रॉकेटचं चाक 4 फूट साडेआठ इंच, म्हणजे खऱ्याच्या एका फुटाला मॉडेलात पाऊण इंच हे माप तुम्ही तोंडीच काढलं. खऱ्या बॉयलरात तांब्याच्या 25 नळ्या होत्या, यात सात आहेत, त्या तुम्ही बॅटरी मारून माझ्या मुलीला एकेक मोजायला लावल्या. चाकं हलेनात तेव्हा मी म्हटलं संपलं वाटतं, तर तुम्ही म्हणाले, "हाई मरेल नई शे भाऊ, झोपेल शे." म्हणजे मेलेलं नाही, झोपलंय. आठ दिवस रोज सिलिंडरमध्ये दोन थेंब रॉकेल, जोर अजिबात लावायचा नाही. पितळाला फक्त कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश. काळपटपणा राहू द्या म्हणाले, ते त्याचं वय आहे.

आम्हाला सगळ्यांना वाफेवर चालवायची फार घाई झाली होती, पण बॉयलरचे सांधे कथलाच्या डाखाचे आहेत, पाणी कमी पडलं की तापून डाख वितळेल आणि सांधे सुटतील, हे सांगून तुम्ही स्पष्ट नाही म्हणाले. बॉयलर बाजूला ठेवून थेट स्टीमच्या नळीला सायकलच्या ट्यूबचा वाल्व्ह जोडला, कुठे भोक नाही की काही कापणं नाही, कधी पण काढता येईल असा.

आणि मग वाफेऐवजी हवा भरायला तो सायकलचा पंप. वडील 81 वर्षांचे, त्यांना खुर्चीत बसवून समोर आणलं होतं. पहिल्यांदा नुसती फुसफुस झाली, मग चाक अर्धं फिरलं, थांबलं आणि एकदम चालूच झालं. खऱ्या इंजिनात वाफ चिमणीतून बाहेर जाते म्हणून तर आगीला हवेची ओढ मिळते, हे समजवायला तुम्ही चिमणीच्या तोंडावर कपाशीच्या बोंडातला कापूस धरला, तो प्रत्येक ठोक्याला उडायचा. चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके, दोन सिलिंडरचे दोन-दोन. वडिलांनी डोळे मिटून बोटांवर चार मोजले आणि म्हणाले, हाच, हाच आवाज. मग ते रडले. त्यांना रडताना मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, गाडीभाडं पण नाही, एवढंच म्हणाले की पोरीला हे सगळं लक्षात राहू द्या. तिने वहीत रॉकेट काढलंय, सिलिंडर तिरपे, खाली 1829 लिहिलंय.

आता थंडीत वांगी चांगली येतील तेव्हा भरीत-पुरीला यायचंच आहे, आईने बजावून ठेवलंय. पंपाचा वॉशर बदलून घेतलाय. वडील रोज विचारतात, आप्पा कधी येणार म्हणून.