दिघा गावची ओळ लिहिणाऱ्या दादांना

दादा,

ॲरेमधला, म्हणजे कोडमधल्या यादीतला, शेवटचा घटक सांगणारं फंक्शन ते केवढं, दोन ओळींचं. त्यासाठी कुणी जाहीर आभार मानतं का? आम्ही मानतोय. कारण तुमच्या आधीच्या मंडळींनी शेवटचं स्टेशन दाखवायला सरळ तयार मिळणारा पॉप लावला होता. पॉप नुसतं नाव सांगून थांबत नाही, घटक ॲरेतून काढूनच टाकतो. स्क्रीन एकदा ताजी झाली की वाशी गायब, पुन्हा झाली की सानपाडाही. विचारलं तर म्हणे 'कॅशे क्लियर करा'. धन्य! दुसऱ्या एका शहाण्याने तर इंडेक्स (शून्यापासून मोजलेला यादीतला क्रमांक) म्हणून ७ हा आकडाच ठोकून दिला होता.

तुम्ही फंक्शनच्या डोक्यावर एक कॉमेंट, म्हणजे कोड वाचणाऱ्यासाठी टीप, लिहून गेलात: 'ठाणे-वाशी मार्गावर ८ स्टेशनं होती तेव्हा ७ म्हणजे वाशी. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव सुरू झालं, आता ७ म्हणजे सानपाडा.' फंक्शन कुणीही लिहिलं असतं हो. ही ओळ लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मोजणी शून्यापासून का आणि लांबीतून एक वजा का, हे नव्या पोरांना तेवढ्यात कळतं, आणि विचारायची लाजही वाटत नाही.

रिकाम्या ॲरेची लांबी शून्य, म्हणजे इंडेक्स उणे एक. जावास्क्रिप्ट त्यावर ओरडत नाही, गुपचूप अनडिफाइंड, म्हणजे 'इथे काही ठरलेलंच नाही', देते. पायथन भाषेत -१ म्हणजे शेवटचा, म्हणून तिथून आलेले लोक चौकोनी कंसात थेट -१ लिहितात आणि भरलेल्या ॲरेतूनही अनडिफाइंड मिळाला की डोकं धरून बसतात. जावास्क्रिप्टच्या २०२२ च्या आवृत्तीत आलेल्या ॲट या तयार फंक्शनला -१ चालतं, पण सफारी १५.४ च्या आधीच्या आयफोनवर ॲटच नाही. आणि ॲरेच्या जागी नल, म्हणजे 'काहीच नाही', आला तर तोही कोसळतो. म्हणून तुमची पहिली ओळ नल आणि अनडिफाइंड अडवते, दुसरी लांबीतून एक वजा करते. टेस्ट चारच: रिकामा ॲरे, एकच घटक, नल, आणि 'काम झाल्यावर लांबी होती तेवढीच'. पॉपवाले चौथीत सापडतात.

तुम्ही ऐरोलीचं ऑफिस सोडल्यावर 'कोडमध्ये रेल्वे कशाला' म्हणून एकाने ती कॉमेंट काढायला घेतली होती. रिव्ह्यूत तिघांनी अडवलं. ओळ जागेवर आहे.

तुमची जुनी टीम