रविवारच्या भेटीची आठवण: विज्ञान, लिंगभाव आणि कला

सभासदहो,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या ऑनलाइन दुव्यावर भेटतोय. विषय आहे, शरीराबद्दलच्या वैज्ञानिक दाव्यांना जाब विचारणारी स्त्रीवादी आणि क्वीअर (लैंगिकता व लिंगभावाच्या ठरीव चौकटीत न बसणाऱ्यांची) कला.

सर्वाधिक वेळ हेदर ड्यूई-हॅगबोर्ग यांच्या ‘प्रॉबेब्ली चेल्सी’ (२०१७) या कलाकृतीला द्यायचाय. अमेरिकी सैन्याची गुप्त कागदपत्रे उघड करणारी चेल्सी मॅनिंग ही ट्रान्स स्त्री अमेरिकेत लष्करी तुरुंगात असताना तिचा चेहरा जगाला दिसत नव्हता. तिने गालाच्या आतले नमुने आणि केस ड्यूई-हॅगबोर्ग यांना टपालाने पाठवले, आणि त्यातल्या डीएनएवरून संगणकाच्या मदतीने ३० वेगवेगळे चेहरे तयार झाले. कुणी बायकी, कुणी पुरुषी, वर्णही निरनिराळे. काही ठिकाणी पोलीस डीएनएवरून संशयिताचा चेहरा रेखाटतात, हे लक्षात ठेवून ही चित्रे पाहा. मला तरी ती फार अस्वस्थ करतात. छायाचित्रे आधी जरूर बघून या, नाहीतर चर्चा वरवरची होईल.

मेरी मॅजिक यांच्या ‘ओपन सोर्स एस्ट्रोजेन’वरही थोडे बोलू. एस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घरच्या घरी तयार करता येईल का, या कल्पनेवरचा हा कलाप्रकल्प. हार्मोन कुणाच्या ताब्यात असावेत, हा त्यातला प्रश्न. तो प्रकल्प पाहून घरी कुणीही हार्मोनचे प्रयोग करू नयेत. औषधांबद्दल डॉक्टरांशीच बोला.

दोन विनंत्या. ज्याने त्याने स्वतःसाठी सांगितलेलीच सर्वनामे (तो, ती, ते) वापरा. आणि कुणाला तपासण्या, शस्त्रक्रिया किंवा ‘आधीचं नाव’ विचारू नका. भेटीचे रेकॉर्डिंग होणार नाही, स्क्रीनशॉटही काढू नयेत.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.