घरखर्चाचे अंदाजपत्रक महिन्याचे नको, वर्षाचे हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवे आर्थिक वर्ष सुरू झाले की घरखर्चाची नोंद ठेवण्याचे आणि अंदाजपत्रक आखण्याचे सल्ले वर्तमानपत्रांतून भरभरून येतात. त्यामागचा हेतू चांगला असला, तरी जवळजवळ सर्व सल्ले महिना हेच माप धरून चालतात. पगार महिन्याला येतो, तेव्हा खर्चही महिन्याच्या चौकटीत बसला पाहिजे, असे त्यांत गृहीत धरलेले असते. ठाण्यातील नोकरदार कुटुंबाचा खर्च तसा होत नाही, आणि हौसेने सुरू केलेल्या जमाखर्चाच्या वह्या दोन-तीन महिन्यांत बंद पडतात, त्याला आळसापेक्षा हे चुकीचे माप अधिक कारणीभूत आहे, असे मला वाटते.

किराणा, दूध, भाजी, वीजबिल आणि कर्जाचा हप्ता सोडला, तर मोठे खर्च आपापल्या वेळी येतात. पाइप गॅसचे बिल दोन महिन्यांनी, अनेक सोसायट्यांचा मेंटेनन्स तिमाहीने, शाळेची फी, गणवेश आणि वह्या-पुस्तके जूनच्या आगेमागे, मालमत्ता कर आणि विम्याचे हप्ते वर्षातून एकदा-दोनदा. त्यात आपले सण तिथीने चालतात. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते आणि दिवाळीही नोव्हेंबरात जाते. म्हणजे मागच्या वर्षीच्या ऑगस्टचा खर्च पाहून या ऑगस्टचा अंदाज बांधला, तर तो हमखास चुकणार. असा महिना आला की लोक 'या महिन्यात जरा जास्तच झाले' म्हणून तो अपवादात टाकतात; मात्र वर्षातले सहा-सात महिने अपवादाचेच असतात, हे लक्षात येत नाही.

सरकारी सांख्यिकी यंत्रणेने ही अडचण केव्हाच ओळखलेली आहे. घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत भाजी, फळे, अंडी, मासळी, खाद्यतेल यांचा खर्च मागील ७ दिवसांचा विचारतात. धान्य, डाळी, साखर, इंधन, घरभाडे यांचा ३० दिवसांचा. आणि कपडे, पादत्राणे, शिक्षण, रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले उपचार, टिकाऊ वस्तू यांचा ३६५ दिवसांचा. घरातही हीच विभागणी वापरावी. भाजीपाल्याची नोंद आठवड्याला, किराण्याची महिन्याला आणि उरलेल्या मोठ्या खर्चांची वर्षाच्या एका पानावर ठेवली, तर रोज रात्री वही घेऊन बसण्याची गरज उरत नाही.

नोंदीविषयी एक गैरसमज असा, की आता सगळे पैसे मोबाइलवरून जातात, तेव्हा बँकेचा तपशील हीच वही. त्या तपशिलात पैसे कोणाला गेले ते कळते, कशासाठी गेले ते कळत नाही. भाजीवाल्याचे, रिक्षावाल्याचे आणि इस्त्रीवाल्याचे वैयक्तिक नाव तेवढे दिसते, ते महिनाअखेरीस कोणाला आठवणार? यूपीआय लाइटमधून, म्हणजे आधी पैसे भरून ठेवलेल्या मोबाइलवरील पाकिटातून, दिलेल्या छोट्या रकमा तर खातेपुस्तकात एकेक उमटतच नाहीत, तिथे केवळ लाइटमध्ये भरलेली एकत्रित रक्कम दिसते. शिवाय एटीएममधून काढलेले पैसे खर्चात धरायचे आणि त्याच रोखीतून आणलेले सामानही धरायचे, किंवा क्रेडिट कार्डावरील खरेदी आणि त्याचे बिल दोन्ही लिहायचे, अशी दुहेरी मोजणी होते. पती-पत्नींनी एकमेकांच्या खात्यात वळवलेली रक्कम हाही खर्च नव्हे. 'किरकोळ' या सदराबद्दलही मला विशेष शंका असते. ते सदर किराण्याच्या बरोबरीला आले, की समजावे नोंद ठेवणे थांबलेले आहे.

अंदाजपत्रकाची आकडेमोड अवघड नाही. समजा शाळेचा खर्च ६० हजार, आरोग्य व आयुर्विमा ३६ हजार, गणपती-दिवाळी ३० हजार, मालमत्ता कर १२ हजार आणि दुचाकीचा विमा व दुरुस्ती ६ हजार असेल, तर वर्षाचे १ लाख ४४ हजार रुपये होतात. याचा अर्थ दरमहा १२ हजार रुपये पगारातून निघालेच आहेत, असे धरून ते पहिल्याच आठवड्यात वेगळ्या बचत खात्यात टाकले पाहिजेत. असे पैसे बाजूला असले, की एकरकमी भरण्याचे फायदेही घेता येतात. रेल्वेचा तीन महिन्यांचा पास मासिक पासाच्या २.७ पट किमतीत मिळतो आणि वर्षाचा १०.८ पट. कचेरी रोज गाठावी लागणाऱ्यासाठी ही उघड बचत आहे, तरी हाती एकदम रक्कम नसते म्हणून पुष्कळ जण दर महिन्याचा पास काढत राहतात.

काटकसर कुठे करावी, हेही नोंदीशिवाय ठरवू नये. २०२३-२४ च्या त्याच पाहणीनुसार शहरी कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा ४० टक्क्यांहून किंचित कमी आहे, आणि त्यात सर्वांत मोठा हिस्सा, एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के, पेये, तयार आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांचा आहे. जांभळी नाक्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करून फारसे हाती लागत नाही, ते यामुळेच. या पाहणीत गृहकर्जाचा हप्ता मात्र धरलेला नसतो, कारण कर्जफेड हा उपभोग नव्हे. घोडबंदर रस्त्यावर घर घेतलेल्या कुटुंबाने आपल्या खर्चाची या सरासरीशी तुलना करताना हा हप्ता आधी वेगळा काढावा. उत्पन्नाचे ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसमौजेला आणि २० टक्के बचतीला अशी वाटणी सुचवणारे अमेरिकी सूत्रही अशा घरांत टिकत नाही. निम्मे उत्पन्न हप्ता आणि मेंटेनन्समध्येच गेल्यावर बाकीच्या गरजांसाठी उरलेच काय?

म्हणून एक विनंती आहे. आपल्या दैनिकातील अर्थविषयक पानावर मासिक तक्त्यांऐवजी वर्षाच्या खर्चाचे एक कोरे पान छापावे, ज्यात बारा महिने, त्या वर्षीच्या सणांच्या तारखा आणि ठाणे व नवी मुंबई महापालिकांच्या करभरणीच्या मुदती आधीच भरलेल्या असतील. ते गुढीपाडव्याच्या अंकात आले, तर शाळांच्या फीचा मोसम सुरू होण्यापूर्वी वाचकांच्या हाती पडेल.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे